तवसं घेऊन सांतानला

फेब्रुवारीत पहिल्यांदा गेले तेव्हा दार बंद होतं.

गोव्यातल्या तळावलीच्या सांता आनाच्या चर्चपाशी सकाळी दहाला पोचले, सायकल भिंतीला टेकवली, दार ढकलून पाहिलं आणि मग अर्धा तास नुसती बाहेरून फिरत राहिले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. शेतं, माड, पलीकडे खाडीचं पाणी, आणि या सगळ्यात एकदम वर गेलेली पाच मजली पांढरी दर्शनी भिंत. दोन्ही अंगांना चौकोनी मनोरे. एखाद्या राजधानीच्या शहरात शोभावं असं हे काम एवढ्याशा गावात, शेताच्या कडेला कसं उभं राहिलं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला. गावातली चर्चं मिसाच्या, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या वेळेला उघडतात आणि मीस आटोपलं की कुलूप लागतं. आत पाहायचं तर त्या वेळेलाच जायला हवं.

घरी आल्यावर खालच्या मजल्यावरच्या आंटीला सांगितलं. ती म्हणाली, "जुलयांत वच. तवशांच्या फेस्ताक."

मी कुडाळची. पावसाळ्यात परसातल्या वेलावर लोंबणाऱ्या जाडजूड काकडीला आम्ही तवसं म्हणतो. किसून, गूळ घालून तिची तवसोळी करतो. आंटीचं तवशें ते हेच. सांता आना म्हणजे मारियेची आई, येशूची आजी. बोलताना तिला आणि तिच्या चर्चलाही सांतान म्हणतात. तिचा सण २६ जुलैला, आणि तळावलीचं फेस्त त्याच्या लगतच्या रविवारी. मूल हवं असलेली जोडपी त्या दिवशी तिच्यापुढे तवसं ठेवतात. पोर्तुगीजमध्ये काकडी म्हणजे पेपिनो आणि मूल म्हणजे मेनिनो. पेपिनो घे, मेनिनो दे, असं यमकातलं मागणं. लग्न जमत नसलेला मुलगा चमचा आणतो, कारण चमचा म्हणजे कोल्येर आणि बायको म्हणजे मुल्येर. आणि मुलींचं मागणं मला सगळ्यात आवडलं. नवरा म्हणजे मारिदो. त्याला यमक जुळवायला पोर्तुगीजमध्ये काय शोधावं लागलं? आपले उडीद! 'उरिदो' घे, मारिदो दे. ज्या कुणी बाईने पहिल्यांदा हे जुळवलं, तिच्या घरात डब्यात उडीद होते आणि चर्चमध्ये कानावर पोर्तुगीज पडत होती. देवाशी बोलताना तिने दोन्ही सहज एकत्र केलं. हे ऐकलं तेव्हाच ठरवलं की फेस्ताला जायचं, आणि जायचं ते सायकलनेच.

फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी आंटी स्वतः जिना चढून वर आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक तवसं. तिच्या मुलीला लग्नानंतर आठ वर्षं मूल नव्हतं. गेल्या साली आंटीने सांतानला तवसं ठेवलं, यंदा एप्रिलमध्ये लिस्बनला नातू झाला. आता नवस फेडायचा, तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, गर्दीत उभं राहवत नाही. "म्हज्या नांवान दवर गो बाय. आनी तिका सांग, भुरगें बरें आसा म्हण." माझ्या नावाने ठेव, आणि तिला सांग, बाळ बरं आहे.

मी तवसं ठेवून घेतलं. एरवी सायकल काढते ती व्यायामासाठी, फार तर पक्ष्यांसाठी. कुणाचं तरी काम घेऊन निघण्याची ही पहिलीच वेळ.

पावसातल्या सायकलची तयारी वेगळी असते. चेनला पातळ तेल चालत नाही, पहिल्या सरीतच धुऊन जातं. जाड लावायचं आणि वरचं पुसून घ्यायचं. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा जराशी कमी, म्हणजे ओल्या डांबरावर पकड राहते. ब्रेकच्या रबरात अडकलेली वाळू सुईने काढायची, नाहीतर रिम खरवडते. मागे-पुढे दिवे. तवसं जुन्या पंचात गुंडाळलं, वर प्लॅस्टिक, आणि कॅरिअरला रबरी दोरीने दोन आडवे वेढे. जास्त आवळलं असतं तर खड्ड्यांत फुटलं असतं.

साडेपाचला निघाले. पणजीतून बांबोळीच्या हायवेने गेलं तर सांतान जवळ, पण जाताना मला रायबंदरवरून लांबचा रस्ता घ्यायचा होता, साधारण २५ किलोमीटरचा. रायबंदरचा पाटो १६३३-३४ मध्ये बांधला. ३ किलोमीटरहून जास्त लांब, पाणथळीतून काढलेला सरळ बांध. आज त्याच्यावरून बसगाड्या जातात. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं आणि खारफुटी, आणि अंधारात फक्त बेडकांचा आवाज. समोरून वारा होता. सपाट रस्त्यावरचा वारा चढापेक्षा दमवतो. चढाला निदान माथा असतो.

जुन्या गोव्यात थांबले नाही, दोन गोष्टींकडे मात्र मुद्दाम मान वळवून पाहिलं. एक बाँ जेझूस. त्याचा तांबडा उघडा चिरा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण मूळचं ते चर्च असं नव्हतं. १९५० च्या दशकात त्याचा गिलावा काढून टाकला. जांभा चिरा सच्छिद्र असतो, चुन्याच्या गिलाव्याविना कोकणातला पाऊस त्याला पोखरत जातो. दुसरी गोष्ट म्हणजे टेकडीवरचा सेंट ऑगस्टिनचा मनोरा, ४६ मीटर उंच आणि एकटा. त्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, पुढे १९३१ मध्ये दर्शनी भिंतीचा भाग गेला, आणि उरला तो हा एक मनोरा. जाणकार म्हणतात की सांतानची दर्शनी भिंत याच चर्चच्या धर्तीवर उभी केली होती. म्हणजे ऑगस्टिनचं चर्च पुरं उभं होतं तेव्हा कसं दिसत असेल, हे पाहायचं तर तळावलीलाच जायला हवं. त्या पावसात तो मनोरा मागे टाकताना मला हे फार जाणवत होतं.

करमळीचं तळं पावसाने भरलेलं. हिवाळ्यात इथे अडई बदकांचे थवे येतात, आता नुसतं करडं पाणी आणि स्टेशनचे दिवे. याच करमळीची ब्रह्मदेवाची मूर्ती पोर्तुगीज काळात सत्तरी तालुक्यात नेली आणि तिथल्या गावाचं नाव ब्रह्मकरमळी झालं. गाव सोडताना लोकांनी गावाचं नावही सोबत नेलं. या रस्त्यावर सायकल चालवताना असं वाटत राहतं की इथल्या प्रत्येक देवाला कधी ना कधी वाट चालावी लागली आहे.

आजोशी मागे टाकलं आणि मागचं चाक जड झालं.

रस्त्याच्या कडेला उतरले. चाक काढलं, टायर उपसला, आतून बोटं फिरवली. ट्रकच्या फाटक्या टायरमधून सुटणारी तार असते, तिचा नखाएवढा गंजका तुकडा टोचून बसलेला. ट्यूब गटारात बुडवून बुडबुडे पाहिले, भोक सापडलं. जादा ट्यूब आठवड्यापूर्वीच मैत्रिणीला दिली होती, म्हणजे पॅच लावण्याशिवाय मार्ग नव्हता. आणि पॅचला कोरडी जागा लागते. पाऊस बारीक होता, पण थांबायचं नाव घेत नव्हता. पुसलेली ट्यूब सोल्युशन काढेपर्यंत पुन्हा ओली. दोनदा पॅच लावला, दोनदा सोलून हातात आला.

तेवढ्यात पों-पों ऐकू आलं. पोदेर. गोव्यात पहाटे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा ऐकूनच घरं जागी होतात. त्याची सायकल म्हणजे जुन्या घडणीची काळी, दांड्याची, मागे भला मोठा टोपला आणि त्यावर निळं प्लॅस्टिक. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं, ट्यूबकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाला, "ताई, वल्ल्यावर सोल्युशन धरत नाही." खानापूरकडचा निघाला.

मग त्याने जे केलं ते मी बारकाईने पाहिलं, कारण इतकी वर्षं मी ते अर्धवटच करत आले होते. टोपल्यावरचं प्लॅस्टिक काढून आम्हा दोघांवर धरलं, एक टोक माझ्या हातात दिलं. पावांवर झाकलेल्या फडक्याचा कोपरा ओढला. ते फडकं अजून ऊबदार होतं, भट्टीची धग त्यात होती. त्याने ट्यूब पुसली नाही. तो गरम कोपरा भोकावर दाबून धरला, शंभर अंक मोजावेत इतका वेळ. रबर आतून कोरडं झालं. मग पॉलिश पेपरने घासलं, काळेपणा जाऊन करडा खरखरीतपणा येईपर्यंत. सोल्युशन पातळ लावलं, पॅचपेक्षा मोठ्या वर्तुळात. आणि थांबला. मी पॅच पुढे केला तर मान हलवली. बोट लावून पाहायला सांगितलं. बोटाला ओलं लागता कामा नये, नुसतं चिकट लागलं पाहिजे. तेव्हा कुठे पॅच, आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाब. आपला पंप द्यायलाही तो तयार होता, पण त्याच्या सायकलचा साधा वॉल्व्ह आणि माझा बारीक तोंडाचा. माझ्या छोट्या पंपाने हवा भरायला पुढची दहा मिनिटं गेली. तोवर तो थांबला होता. त्याच्या पावांवर पाऊस पडू नये म्हणून आता प्लॅस्टिक टोपल्यावर आणि मी पावसात.

कॅरिअरवरची गुंडाळी पाहून त्याने विचारलं, "सांतानला?" मी हो म्हणाले. "आज पाव जास्त लागतोय. घराघरात पावणं हाइत." मी चार पोया घेतल्या. दोन तिथेच उभ्याने खाल्ल्या. कोंड्याची, आत पोकळ, गरम पोय. अशी चव बंद पाकिटातल्या पावाला येऊच शकत नाही. पहाटे सायकलवरून दारोदार पाव पोचवणारी ही माणसं गोव्याची खरी श्रीमंती आहेत असं मी मनापासून मानते. एकेक भट्टी बंद होते आहे, आणि प्रत्येक बंद भट्टीबरोबर एकेका वाड्याची सकाळ मुकी होते.

मंडूर, नेवरा. इथून पुढे खाजनं लागतात. खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधाने अडवून मागे भाताची शेतं केलेली. बांधात लाकडी दारं बसवलेली असतात, त्यांना मानस म्हणतात. भरतीला दार पाण्याच्या दाबानेच मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलत उघडतं. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची ही करामत. खारट मातीत टिकणारा कोरगुट भात इथे होतो. जुलैत लावणी झालेली असते आणि रोपांच्या ओळींमधून आभाळ दिसतं. माझ्या मते सांतानच्या चर्चचा अर्थ या शेतांतून गेल्याशिवाय लागत नाही. एवढी भिंत उभारायला चुना, चिरे, गवंडी, वर्षानुवर्षांचा खर्च लागला. सोनं-मसाल्याची जहाजं वेल्ह्या, म्हणजे जुन्या गोव्याला लागत असतील, पण तळावलीच्या भोवती पाहावं तिकडे भातच आहे.

आणि मग वळणावर चर्च दिसलं. फेब्रुवारीत निळ्या आभाळापुढे ते डोळ्यांत खुपेल इतकं पांढरं होतं. आज करड्या आभाळापुढे ते जवळजवळ आभाळाच्याच रंगाचं होतं, खालच्या अंगाला शेवाळाची हिरवी झाक. शेतांच्या पलीकडून सायकलच्या वेगाने जवळ येताना एकेक मजला वेगळा होत गेला, आधी मनोरे, मग खिडक्यांच्या रांगा, मग कोनाडे आणि त्यांतले शिंपले. गाडीने येणाऱ्याला हे सगळं एका क्षणात मिळतं. मला दहा मिनिटं मिळाली.

या बांधकामाला सुरुवात झाली १६८१ मध्ये, फ्रान्सिस्को दो रेगो या व्हिकारांच्या, म्हणजे मुख्य पाद्रींच्या काळात, आणि ते पुरं केलं अंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्या यांनी १६९५ मध्ये. चौदा वर्षं. तोवर वेल्ह्या गोव्याला उतरती कळा लागली होती, साथींनी ते शहर रिकामं होत चाललं होतं. राजधानी ओस पडत असताना त्याच मुलखातलं एक खेडं असं काही बांधत होतं. जागेमागची गोष्ट गावात अजून सांगतात. डोंगरावरून एक म्हातारी उतरताना दिसली, डोक्यावर हॅट, हातात काठी. म्हणाली, मी इथेच राहायला येणार, हे माझं घर. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. आमच्याकडेही देवी अशाच येतात, स्वप्नात नाहीतर वाटेवर, आणि आल्या की जागा मागतात.

फेस्ताला गर्दी होती. बाहेर खाजें, चणे, लाडू यांची दुकानं, मेणबत्त्यांच्या माळा, आणि तवशांचे ढीग, हिरवी आणि पिवळटलेली. छत्र्यांचं पाणी टपटप अंगावर. माझ्या पुढे एक नवं जोडपं होतं. नवरा तवसं हातात धरून असा अवघडून उभा होता की त्याला ते लपवावंसं वाटत होतं आणि पडूही द्यायचं नव्हतं. बायकोने शेवटी ते त्याच्याकडून घेतलं, ओढणीच्या पदराने पुसलं आणि दोघांच्या मध्ये धरलं. शेजारी कपाळाला कुंकू असलेल्या दोन बाया. सांतानला कोण कुठल्या धर्माचं, हे कुणी विचारत नाही.

आत गेले. बाहेरून जी उंची दिसते ती आत आल्यावर दुप्पट वाटते. वर कमानदार छत, बाजूंनी सज्जे, आणि सगळीकडे पांढऱ्या चुन्यातलं कोरीव काम. सोनेरी मुलामा वेदीपाशी. भिंती इतक्या जाड की त्यांच्या पोटातून वाटा काढल्या आहेत. पापनिवेदनाला जाणारा माणूस त्या भिंतीतल्या वाटेने जाई, बाहेर कुणाला दिसत नसे. मी भिंतीतली लहान दारं पाहत उभी राहिले. चूक कबूल करायला निघालेल्या माणसाला गावाच्या नजरेपासून आडोसा मिळावा म्हणून अख्खी भिंत पोकळ ठेवायची! बांधणाऱ्याला दगड कळत होता, आणि खेड्यात राहणं काय असतं तेही कळत होतं.

मीस कोकणीत. गाणं सुरू झालं तेव्हा बाहेर पावसाने जोर धरला आणि छताखाली दोन्ही आवाज एकत्र झाले. एका कोपऱ्यात वरून थेंब पडत होते, खाली कुणीतरी बादली ठेवली होती. २००० साली जगभरातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंची यादी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने काढली तिच्यात हे चर्च होतं. तेव्हापासून कामं झाली आहेत, ती दिसतात. पण चिरा आणि चुना यांचं घर एकदा दुरुस्त करून भागत नाही. कोकणात घर शाकारतात तसं त्याला दर पावसाआधी हात लागावा लागतो. ज्यांना हे चर्च आवडतं त्यांनी दानपेटीत काही टाकल्याशिवाय निघू नये.

रांग पुढे सरकली. मी पंचा सोडला. तवशाला कुठे ओरखडाही नव्हता, फक्त देठापाशी रबरी दोरीचा वळ उमटला होता. इतर तवशांच्या बाजूला ते ठेवलं. काय म्हणायचं ते मनात जुळवलं होतं, पण मराठीत म्हणावं की कोकणीत, हे ठरेना. शेवटी आंटीचंच वाक्य तिच्याच शब्दांत म्हटलं. भुरगें बरें आसा. मागून लोक ढकलत नव्हते, पण वाट पाहत होते. मी बाजूला झाले.

परत येताना जवळचा रस्ता धरला, गोवा वेल्हावरून. नावांचा इथे सगळ्यांचा घोटाळा होतो. वेल्हा गोवा म्हणजे पोर्तुगीजांची जुनी राजधानी, मांडवीकाठची. आणि गोवा वेल्हा हे त्याहूनही जुनं, कदंबांचं गोपकपट्टण, जुवारीकाठचं बंदर. दोन्ही शहरं गेली, आणि दोघांच्या मधलं तळावलीचं चर्च उभं आहे. बांबोळीच्या चढावर पावसाने झोडपलं. हायवेवरच्या गाड्यांचं पाणी तोंडावर. पॅचने दम धरला.

साडेअकराला घरी. आंटी दारातच खुर्ची टाकून बसली होती. उरलेल्या दोन पोया तिला दिल्या. आता गार आणि चामट झाल्या होत्या, तरी तिने घेतल्या. मी पंक्चरचं सांगायला लागले, तिने हात वर करून थांबवलं.

"तें मागीर. तवशें खंय दवरलें तें सांग."

मी सांगितलं. कुठल्या बाजूला, पुढे किती माणसं होती, मेणबत्ती पेटली होती का, पाद्री तेव्हा कुठे होता. तिने सगळं पुन्हा एकदा विचारलं, आणि मग आत जाऊन लिस्बनला फोन लावला.